जुन्या पॉप-अप कॅम्परचं कुजलेलं लाकूड आणि सैल पडलेल्या कड्या : दुरुस्ती कुठून सुरू करायची

जुना पॉप-अप कॅम्पर विकायला काढणारा माणूस जाहिरातीत ‘नो लीक्स’ लिहितो, तेव्हा त्याचा अर्थ इतकाच घ्यायचा की गेल्या पावसानंतर त्याने आत डोकावून पाहिलेलं नाही. चाकांवरची पेटी, वर उचलायचं छत, मधे कॅनव्हास आणि दोन्ही टोकांना बाहेर सरकणारे बंक म्हणजे झोपायचे फळे, अशी ज्याची रचना आहे तो कॅम्पर वीस-पंचवीस वर्षांत कुठेतरी गळतोच. पाहायचं असतं ते हे, की पाणी कुठून शिरलं, किती काळ मुरलं आणि ज्या लाकडात मुरलं त्याच्यावर कशाचा भार आहे.

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात असे कॅम्पर स्वस्तात मिळतात, कारण हा धंदाच इथला आहे. इंडियानातली एल्कहार्ट काउंटी म्हणजे या गाड्यांचं माहेरघर. तिथल्या मिडलबरी गावात १९६८ साली जेको ही कॅम्पर बनवणारी कंपनी सुरू झाली. कोलमन कंपनीच्या घडीच्या कॅम्परांचा व्यवसाय १९८९ मध्ये फ्लीटवूड कंपनीने घेतला. त्यांचा कारखाना पेनसिल्व्हेनियात सॉमरसेटला होता, तो आता बंद आहे, पण रस्त्यावर त्यांचे कॅम्पर अजून भरपूर दिसतात. आपल्या मंडळींना हे परवडतंही. पोरांना जंगलात राहायचं असतं, भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतात आणि त्यांना तंबूत जमिनीवर झोपवणं काही बरं नाही. मग लेक मिशिगनला जायचं ठरतं आणि कुणीतरी हजार-पंधराशे डॉलरचा जुना कॅम्पर ओढून घरी आणतं. ज्या बंकवर आई-बाबा झोपणार, त्याचं प्लाय आतून कसं आहे हे त्यानंतर लक्षात येतं.

नव्याने या कामात पडलेला माणूस सहसा जे डोळ्यांना खुपतं तिथून सुरुवात करतो. छताची कडी लुळी पडलीय, म्हणून जाडा स्क्रू पिळतो. दार घासतंय, म्हणून बिजागरी बदलतो. थोड्याच दिवसांत तोच स्क्रू पुन्हा बोटांनी फिरायला लागतो. स्क्रूचे आटे शाबूत असतात, ते ज्यात रुतायचे ते लाकूडच उरलेलं नसतं. आणि लाकूड गेलं, कारण त्याच स्क्रूच्या भोकातून पाणी आत जात होतं. म्हणून काम उलट्या बाजूने करायचं. आधी पाण्याची वाट शोधून बंद करा, मग लाकूड पूर्ण वाळवा, कुजलेलं काढून भरा किंवा बदला, आणि कड्या-बिजागऱ्यांना हात सगळ्यात शेवटी लावा.

हात घालण्याआधी

कॅम्पर सपाट जागी उभा करा आणि चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना दोन्ही बाजूंनी ओट (अडणी) लावा. बॅटरीची तार सोडवा. प्रोपेनची टाकी बंद करून चक्क उतरवून बाजूला ठेवा, कारण तळाच्या प्लायखालून गॅसची नळी आणि वायरी गेलेल्या असतात आणि आपल्याला तिथे करवत चालवायची आहे. मग लेव्हल ठेवून पेटी आडवी-उभी सरळ आहे का ते बघा. हे वाचताना क्षुल्लक वाटेल, पण घासणाऱ्या दारांपैकी कितीतरी दारं कॅम्पर नुसता नीट टेकवल्यावर आपोआप बसतात. चार कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर जमिनीला घट्ट टेकवा. मात्र ते कॅम्पर डुलू नये म्हणून असतात. त्यांच्यावर कॅम्पर उचलायचा प्रयत्न केलात तर त्यांचे पाय वाकतील आणि फ्रेममधले बोल्टही ताणले जातील.

छताबद्दल वेगळं आणि ठासून सांगायला हवं. चार कोपऱ्यांतले खांब, विंचचं (केबल गुंडाळणाऱ्या चाकाचं) एक हँडल आणि आतून फिरणारी केबल, एवढ्यावर ते छत वर राहतं. केबलचा एखादा धागा उसवलेला असू शकतो, विंचचा ब्रेक झिजलेला असू शकतो आणि खांबाचं टोक ज्या लाकडात स्क्रूने धरलंय ते लाकूड नेमकं कुजलेलं असू शकतं. त्यामुळे टू-बाय-फोर या जाड लाकडी पट्टीचे चार तुकडे मापात कापून घ्या आणि चारही कोपऱ्यांजवळ छताची कड आणि पेटीची कड यांच्यामध्ये उभे बसवा. छताचा भार केबलवर ठेवून त्याखाली काम करायचं नाही, पाच मिनिटांचं काम असलं तरी नाही.

बुरशी दिसली तर एन-९५ मास्क आणि हातमोजे घाला, आणि बुरशी धरलेलं लाकूड कोरडंच पॉलिश पेपरने घासू नका, सगळी धूळ नाकात जाते.

टोचून बघा

या तपासणीला आरी पुरते. साधी, मोच्याकडे असते तशी. लाकडावर टोक ठेवून अंगठ्याने दाबा. चांगल्या लाकडात टोक एक-दोन मिलिमीटर जाऊन अडतं, आणि तिरकं उचकटलं तर लांब, चिवट कूस निघते. कुजायला लागलेल्या लाकडात टोक आवाज न करता आत जातं आणि उचकटल्यावर आखूड तुकडे पडतात, आडवे मोडलेले, कडा बोथट. हा फरक दोन-चार ठिकाणी टोचून हाताला एकदा कळला की मग विसरत नाही. सोबत स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक जागी आवाज खणखणीत येतो, पोकळ जागी तो भद्द होतो. वरून व्हिनाइल किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा असला की आरी चालत नाही, तिथे हा आवाजच कामाला येतो.

दोन पिनांचा ओलावा-मापक घ्यावा असं माझं मत आहे. तीस-चाळीस डॉलरच्या आत साधा मिळतो आणि ‘वाळलंय वाटतं’ या भ्रमातून सोडवतो. आकडा २० टक्क्यांच्या वर असेल तर कुजवणाऱ्या बुरशीला ती जागा सोयीची आहे असं समजा. १५ च्या खाली आला की कामाला लागता येतं.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. छताचे चार कोपरे आणि छतातल्या झरोक्याची चौकट. बंकच्या प्लायची बाहेरची कड, कारण कॅनव्हासवरून ओघळलेलं पाणी तिथेच थबकतं. पुढच्या बाजूला सामानाची पेटी असेल तर तिच्यामागची तळाची कड. दाराचा उंबरा. ओट्याखाली पाण्याच्या जोडणीभोवतीची जागा. आणि चाकांच्या वरचा भाग, तोही खाली झोपून. रस्त्यावरचं पाणी चाकं तिथे उडवत राहतात आणि खालचा काळा थर फाटला असेल तर प्लाय फुगून पदर सुटलेले दिसतात. तिथे बारीक भुसा पडलेला दिसला तर सुतार-मुंग्या शिरल्या आहेत. या मुंग्या लाकूड खात नाहीत, घर करायला पोखरतात, आणि त्यांना ओलं मऊ लाकूड आवडतं. म्हणजे मुंग्यांनी तुम्हाला गळतीचा पत्ताच दिला.

विकत घेण्याआधी ही तपासणी करत असाल, तर निकष एकच ठेवा. एखादा कोपरा, एखादी कड, हातभर तळ गेलेला असेल तर घासाघीस करून घ्यावा. छताचे चारही कोपरे मऊ आणि छत मध्ये बसलेलं असेल तर नमस्कार करून परत यावं. फुकट देत असला तरीही.

पाण्याची वाट

ओला डाग जिथे दिसतो तिथेच पाणी शिरतं असं नाही. ते पत्र्याच्या आतून, लाकडी पट्टीच्या कडेने चार-पाच फूट चालत येऊन मग खाली पडतं. शोधायची रीत अशी. कोरडा दिवस निवडा. एक जण आत टॉर्च आणि मास्किंग टेप घेऊन बसेल, दुसरा बाहेरून बागेचा पाइप धरेल. पाण्याला जोर नको, पाऊस पडतो तितपतच धार. आणि खालून वर जायचं. आधी पेटीचा खालचा सांधा, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग त्याच्या वरचा, मग छताची कड, सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली तर एकाच वेळी सगळे सांधे भिजतात आणि कुठला गळतोय ते कळत नाही. आतल्याने पाणी दिसेल तिथे टेप लावायची आणि बाहेर काय भिजत होतं ते टेपवर लिहून ठेवायचं.

सापडलेली फट आत्ता तात्पुरतीच बंद करा, चांगल्या टेपने किंवा वर प्लॅस्टिक ओढून. पक्कं सीलंट आत्ता लावलं तर आतली ओल आतच कोंडली जाते.

वाळवणं

इथे घाई करणाऱ्यांची दुरुस्ती टिकत नाही. गाद्या, उशा, कपाटांचे खण सगळं बाहेर काढा. तळावरचं व्हिनाइल ओलीच्या जागी उचलून दुमडून ठेवा. ते लाकडाला वाळू देत नाही. पंखा लावा, जमलं तर डीह्युमिडिफायर. प्रोपेनचा हीटर लावू नका. प्रोपेन जळताना वाफ तयार होते, म्हणजे ओल काढायला बसलात आणि ओलच भरताय, शिवाय बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळा. किती दिवस लागतील हे मापकाला विचारा. जाड तळाला आठवडे लागू शकतात.

किती गेलंय यावरून काय करायचं

लाकूड काळवंडलंय पण आरी आत जात नाही, तर काही कापू नका. वाळवा, स्वच्छ करा, प्रायमर आणि बाहेरच्या वापराचा रंग द्या. काळा डाग म्हणजे कूज असं नसतं.

तळहाताएवढी जागा मऊ झालीय आणि तिच्यावर भार नाही, तर पटाशीने मऊ भाग कोरून काढा, पातळ, झिरपणारं इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून टणक होणारा गोंद) दोन-तीन वेळा पाजा आणि वर घट्ट इपॉक्सी भरा. इपॉक्सी कुठलंही चालेल. आमच्या मिशिगनच्याच बे सिटीत बोटी बांधणाऱ्या भावांनी सुरू केलेलं वेस्ट सिस्टिम मला सोयीचं पडतं, कारण त्याच्या पंपांनी रेझिनचा एक दाब आणि हार्डनरचा एक दाब घेतला की प्रमाण बरोबर येतं. भरायला कोलॉयडल सिलिका नावाची बारीक पूड घालून ते श्रीखंडाइतकं घट्ट करा, म्हणजे उभ्या जागेवरून ओघळत नाही. भांड्यात खूप वेळ ठेवू नका. ढीग केला की ते स्वतःच तापतं, धुरकटतं आणि ब्रशसकट दगड होतं. पसरट भांडं घ्या. नायट्राइलचे हातमोजे सक्तीचे. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जन्माची असते.

झिरपणाऱ्या इपॉक्सीवर लोकांचा फार विश्वास असतो. बाटलीवरचे फोटोही तसेच असतात. पण कुजलेलं लाकूड त्याने नव्यासारखं होत नाही, फक्त टणक होतं, आणि ओल्या लाकडात ते शिरतही नाही. जिथे माणूस उभा राहणार, झोपणार किंवा छताचा खांब टेकणार, तिथलं कुजलेलं लाकूड कापून बदला.

तळाचा तुकडा बदलणं

कुजलेल्या भागाच्या पुढे दोन-तीन इंच, चांगलं लाकूड लागेपर्यंत जा आणि चौकोन आखा. वाकड्यातिकड्या भोकाला नवा तुकडा बसवत बसण्यापेक्षा थोडं जास्त कापलेलं परवडतं. शक्य असेल तर चौकोनाची एक कड फ्रेमच्या लोखंडी पट्टीवर येऊ द्या. सर्क्युलर सॉचं पातं तळाच्या जाडीइतकंच बाहेर काढा, त्याहून जास्त नाही. खाली फ्रेम, वायर आणि नळी आहे. नेमकी जाडी कळायला आधी एका कोपऱ्यात ड्रिलने छोटं भोक पाडून तार घालून मोजा. कोपरे करवतीने अर्धवट राहतात, ते पटाशीने सोडवा.

आता प्लाय. भारतात दुकानात जाऊन बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यालाही टिकणारं प्लाय) मागायची सवय असेल तर इथे जरा गोंधळ होतो. शिक्क्यावर ‘एक्स्पोजर १’ लिहिलेलं असेल तर गोंद पाण्याला टिकणारा आहे, पण ते प्लाय कायम उघड्या हवेत ठेवण्यासाठी नाही. दुकानात सीडीएक्स म्हणून जे ढिगाने मिळतं ते बहुधा हेच. ‘एक्स्टीरियर’ हा शिक्का त्याच्या वरचा. खालून रस्त्याचं पाणी बसणार असल्याने तळाला मी एक्स्टीरियरच घेते. ओएसबी, म्हणजे लाकडाच्या चिपट्या दाबून केलेला फळा, नको. त्याची कड एकदा फुगली की वाळल्यावरही खाली बसत नाही. आणि प्रेशर-ट्रीटेड प्लायचा मोह टाळा. कुजत नाही हे खरं, पण त्यातल्या तांब्याच्या क्षारांमुळे ॲल्युमिनियमचा पत्रा आणि साधे स्क्रू गंजतात. कॅम्परमध्ये या दोन्ही गोष्टी जागोजाग आहेत.

तुकडा भोकापेक्षा चारही बाजूंनी किंचित लहान ठेवा. बसवण्याआधी त्याच्या सहाही बाजू इपॉक्सीने किंवा बाहेरच्या प्रायमर-रंगाने बंद करा. कडांना दोन-तीन हात द्या. प्लाय पाणी पितं ते कडेने. नवी करवत फिरवलेली जुन्या तळाची कडही रंगवायची, हे बहुतेक जण विसरतात.

जी कड फ्रेमवर टेकत नाही तिच्याखाली तीन-चार इंच रुंद प्लायची पट्टी सरकवा, अर्धी जुन्या तळाखाली आणि अर्धी मोकळी. आधी ती जुन्या तळाला गोंद आणि स्क्रूने पक्की करा, गोंद वाळू द्या आणि मग नवा तुकडा वर ठेवून त्यालाही तसंच करा. गोंद टाइटबाँड ३ सारखा पाण्याला टिकणारा हवा, फेविकॉलच्या जातीचा साधा पांढरा नव्हे. फ्रेमवर येणारी कड स्वतःच भोक पाडत लोखंडात शिरणाऱ्या स्क्रूने किंवा आरपार कॅरेज बोल्टने धरा. वरचा सांधा भरून घासा. खाली पुन्हा झोपून पट्टीचे सांधे आणि स्क्रूची टोकं सीलंटने बुजवा.

छताचा कोपरा

हे सगळ्यात नाजूक काम. खांबाचं वरचं टोक एका लोखंडी पट्टीने छतातल्या लाकडी ठोकळ्याला धरलेलं असतं. तो ठोकळा कुजला की स्क्रू लोण्यातून निघावेत तसे निघतात आणि छत त्या कोपऱ्यात खचतं. वाऱ्याच्या रात्री हे झालं तर आत झोपलेल्यांच्या अंगावर.

एका वेळी एकच कोपरा सोडवा. टेकू घट्ट आहेत ना ते पुन्हा बघा. बाहेरची ॲल्युमिनियमची पट्टी काढताना आधी तिच्या खाचेतली व्हिनाइलची फीत ओढून काढा, स्क्रू तिच्या मागे लपलेले असतात. पत्रा हळूहळू उचला, मोडू देऊ नका. वाकलेला पत्रा सरळ करता येतो, पण घडी पडलेल्या रेषेवर तो पुढे चिरतो. जुना ठोकळा बहुधा हातानेच भुगा होऊन निघतो. त्याचं माप घ्या, किंवा तो बसत होता त्या खोबणीचं. नवा ठोकळा डग्लस फर किंवा एखाद्या टणक लाकडाचा करा, सगळ्या बाजूंनी इपॉक्सी लावा आणि घट्ट इपॉक्सीत बसवून शिकंज्याने धरून ठेवा. पूर्ण सुकल्यावरच खांबाची पट्टी परत लावा, नवी भोकं पाडून. जागा असेल तर स्क्रूऐवजी आरपार बोल्ट आणि मागे रुंद वॉशर.

गार हवेत इपॉक्सी सुकायला फार वेळ घेतं. उत्तरेकडे राहत असाल तर हे काम ऑक्टोबरवर ढकलू नका.

बंक

बंकचं प्लाय दुरुस्त करत बसू नका, पूर्ण बदला. बरेचदा तो पातळ प्लायच्या दोन पत्र्यांमध्ये पट्ट्या किंवा फोम भरलेला पोकळ फळा असतो आणि एका कडेने पाणी शिरलं की आत पसरतं. जुना फळा नव्या प्लायवर ठेवून आखून घ्या, कॅनव्हासच्या पट्टीची आणि सरकायच्या रुळांची भोकंही त्यावरून उतरवा. फक्त वजनाचं भान हवं. अर्धा इंची प्लायचा चार बाय आठचा पत्रा साधारण ४५ पाउंड भरतो. तेवढा भार रुळांवर, छताखालच्या घडीवर आणि शेवटी तुमच्या गाडीवर पडतो. पेटीवरच्या स्टिकरवर एकूण वजनाची आणि काही मॉडेलांत बंकच्या भाराचीही मर्यादा लिहिलेली असते, ती आधी वाचा.

आता कड्या, बिजागऱ्या आणि स्क्रू

लाकूड टणक आहे, पण भोक मोठं झालंय, अशा जागा भरपूर निघतील. टूथपिक आणि गोंद भरण्याची युक्ती पडद्याच्या हुकापुरती ठीक. लाकडी खुंटी ठोकून त्यात स्क्रू पिळणं त्याहून बरं, पण खुंटीत स्क्रू तंतूंच्या दिशेने शिरतो आणि त्या दिशेने त्याची पकड कमीच असते. म्हणून खणाच्या मुठी, कपाटाच्या बिजागऱ्या एवढ्यांनाच खुंटी. ज्यावर ओढ बसते त्या जागी भोक ३/८ इंचाच्या बिटने मोठं करा, आतली बाजू पातळ इपॉक्सीने ओली करा, घट्ट इपॉक्सी हवा न कोंडता तळापासून भरा आणि दुसऱ्या दिवशी त्यात नवं पायलट भोक पाडा. आठ नंबरच्या स्क्रूला साधारण १/८ इंच. स्क्रू हाताने पिळा, ड्रिलचा जोर लावला की नवेही आटे जातात.

छत खाली बांधून ठेवणाऱ्या कड्या, बंकच्या आधारदांड्यांचे आकडे आणि ओटा वर उचलून फिरवायच्या बिजागऱ्या, या तिन्हींना स्क्रूवर सोडू नका. हायवेवर छताची कडी सुटली तर काय होईल याचा विचार करा. आरपार बोल्ट, मागे मोठा फेंडर वॉशर किंवा ॲल्युमिनियमची पट्टी आणि नायलॉनवाला नट. भिंत पोकळ असेल तर मधे लाकडाचा ठोकळा हवा, नाहीतर नट आवळताना पत्रा आत दबतो. बोल्ट स्टेनलेसचे घ्या.

बोल्ट बसवताना एक बारकावा पाळा. पत्र्यातलं भोक पाडल्यावर काउंटरसिंकच्या बिटने त्याची बाहेरची कड किंचित तासा, चंद्रकोरीएवढी बशी तयार होईल. ब्यूटिल टेपची (मऊ, चिकट रबरी पट्टीची) बारीक वळी करून बोल्टच्या मानेभोवती गुंडाळा आणि बोल्ट आवळा. ब्यूटिल त्या बशीत दाबलं जाऊन बोल्टभोवती कडं तयार होतं. सपाट भोकावर तेच ब्यूटिल सगळं बाहेर पिळून येतं आणि आत काही राहत नाही. आवळताना बोल्टचं डोकं धरून नट फिरवा, डोकं फिरवलं तर हे कडं तुटतं. बाहेर आलेलं ब्यूटिल दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पट्टीने कापून टाका.

रिव्हेट सैल झाले असतील तर त्याच मापाच्या बिटने डोकं कापून काढा, बहुधा १/८ किंवा ३/१६ इंच. नवे रिव्हेट बाहेरच्या बाजूला बंद टोकाचे घ्या, साध्या रिव्हेटच्या मधल्या भोकातून पाणी झिरपतं. स्टॅबिलायझरला रिव्हेट नकोत, तिथे बोल्ट आणि लॉकनट.

दाराची बिजागरी मात्र शेवटी. पेटी लेव्हलमध्ये, छत चारही कोपऱ्यांत सारखं वर, आणि तरीही दार घासत असेल, तरच तिच्याकडे बघा.

सीलंट

सिलिकॉन कुठेही नको. ते स्वतः पुढे सुटतं आणि मागे असा थर ठेवून जातं की त्यावर दुसरं काही चिकटत नाही, अगदी नवं सिलिकॉनसुद्धा. आधीच्या मालकाने लावलेलं असेल तर प्लॅस्टिकच्या खरवडणीने चिकाटीने काढावं लागतं, इलाज नाही. पट्ट्या आणि चौकटींखाली ब्यूटिल टेप. छताच्या आडव्या भागावर, झरोक्याभोवती, आपोआप पसरणारं लॅप सीलंट. उभ्या भागावर न ओघळणारं. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही मॉडेलांची छतं एबीएस प्लॅस्टिकची आहेत. काही सीलंटमधल्या द्रावकाने एबीएसला चिरा जातात, तेव्हा डब्यावर एबीएसला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. छत कशाचं आहे कळत नसेल तर चुंबक लावून आणि ठोकून अंदाज येतो. ॲल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही, पण त्याचा आवाज पत्र्याचा असतो.

सगळं झाल्यावर पाइपची चाचणी पुन्हा, खालून वर. मग एक रात्र घराच्या ड्राइव्हवेमध्ये झोपा, म्हणजे बंकवर वजन पडल्यावर काय कुरकुरतं ते घराजवळच कळेल. पहिल्या लांब प्रवासानंतर सगळे नट पाना लावून बघा, हादऱ्यांनी पहिल्या वेळी काही सैल होतातच. पावसात भिजलेला कॅनव्हास घडी करून परत यावं लागलं, तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी छत उचलून वाळवा. हिवाळ्यात उघड्यावर ठेवणार असाल तर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट आवळून बांधू नका, खाली दमटपणा साचतो. हवा खेळेल असं आच्छादन घ्या, पुढची बाजू थोडी उंच ठेवा म्हणजे छतावर पाणी थांबणार नाही, आणि बर्फ साचला की मऊ झाडूने लोटून काढा.